माशांमागचं काळं कापड

आखाडा बाळापूरच्या आसपास गेल्या तीस वर्षांत जेवढ्या पोरी नवऱ्या झाल्या, त्यांतल्या निम्म्यांच्या शालूचा रंग माझ्या मामेसासऱ्यांनी ठरवलेला आहे आणि उरलेल्या निम्म्या अजून पस्तावत आहेत. हे मी जावई म्हणून म्हणत नाही. सासरच्या माणसांचं कौतुक करण्याची जावयाला सवय नसते आणि मला तर मुळीच नाही. माझ्या बायकोला विचारा. पण रंग ओळखण्यात ह्या माणसाच्या जवळपास फिरकणारा दुसरा माणूस परभणीपासून नांदेडपर्यंत नव्हता. मधल्या काळात आमचा तालुका परभणी जिल्ह्यातून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात गेला, तरी ह्या म्हणण्यात मला काही फरक करावा लागला नाही.

मामा, म्हणजे माझ्या बायकोचे मामा, बाजारपेठेतल्या एका कापड दुकानात साड्यांच्या गादीवर बसत. दुकान शेठजींचं, पण गिऱ्हाईक दारातूनच "मामा हायेत का?" असं विचारी, आणि मामा जेवायला गेलेले असले तर शेठजींच्या तोंडाकडे बघत बसून राही. मामांचा दुकानातल्या ट्यूबलाइटवर काडीचा विश्वास नव्हता. साडी पसंत पडली की ते ती उचलून बाईला सरळ रस्त्यावर उन्हात घेऊन जात, दोन्ही हातांनी पदर पसरून उभे राहत आणि म्हणत, "आता बघ. आत बघितला त्यो दुकानाचा रंग व्हता, हा साडीचा हाय." मागे एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकायचा, पण पदर खाली यायचा नाही. उन्हात निम्म्या साड्या फिक्या ठरत आणि परत कपाटात जात. सुरुवातीला शेठजी कपाळाला हात लावून बसत. पुढे त्यांच्या लक्षात आलं की डोंगरकड्याच्या आणि हट्ट्याच्या बायका आपापल्या गावची दुकानं ओलांडून इथं येतात, कारण इथून नेलेल्या साडीचा रंग घरी गेल्यावर बदलत नाही. मग तो कपाळावरचा हात खाली आला.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत मी पांडित्य दाखवायला म्हणून प्रकाशात सात रंग असतात वगैरे सांगायला गेलो. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सातच? जावईबापू, सात रंगांत आमच्या कपाटाचा एक कप्पा बी भरत न्हाई." मग त्यांनी नुसत्या लालाचे डाळिंबी, कुसुंबी, शेंदरी, राणी, विटकरी असे मोजायला सुरुवात केली आणि दोन्ही हातांची बोटं संपल्यावर माझ्या अंगातल्या नव्या शर्टाकडे बघून म्हणाले, "हा तुमाला बदामी म्हणून दिला असल. हा बदामी न्हाई, हा मळका हाय." मी तो शर्ट पुन्हा घातला नाही. माणसं त्यांना चेहऱ्यानं आठवत नसत. रस्त्यानं जाणारी बाई दाखवून ते म्हणत, "ती बघा, दोन दिवाळ्यांमागची अंजिरी चालली. पदर जपलाय पोरीनं." जेवायला बसले तरी तेच. मामींनी वरण वाढलं की आधी रंग बघायचे आणि म्हणायचे, "काल केतकी व्हतं, आज लिंबू झालं. हळद नवी काढली का?" मामी म्हणत, "गिळा गुमान." आणि हळद खरंच नवी असायची.

माशांचं वेड त्यांना लागलं ते हिवतापाच्या कृपेनं. दुकानामागे एक हौद होता. एका वर्षी आरोग्य खात्याचा माणूस आला आणि डासांच्या अळ्या खायला त्यात गप्पी मासे सोडून गेला. मामा जेवून हात धुवायला गेले, तेव्हा हौदात तिरपं ऊन पडलं होतं आणि एका बोटभर नरानं त्या उन्हात शेपूट फिरवली. मामा ओल्या हातानं तसेच उभे राहिले. शेठजींनी तीनदा हाका मारल्या. शेवटी आत येऊन ते म्हणाले, "शेठ, त्या माशाच्या शेपटीत मोरपंखी अन् शेंदरी एका जागी मिळालेत, अन् मधी सांधा न्हाई. असं विणणारा माणूस म्या अजून पाह्यला न्हाई." आठवडाभरात फोटोला काचा बसवणाऱ्याकडून त्यांनी काचेची टाकी करून घेतली. ती पहिल्या दिवशी गळली, दुसऱ्या दिवशी गळली आणि तिसऱ्या दिवशी मामींनी तिच्याखाली परात लावून ठेवली. चौथी टाकी टिकली. मग नांदेडहून पिशवीत पाणी भरून गोल्डफिश आले, एंजल आले, आणि शेवटी मामांचे सगळ्यात लाडके, ते निऑन टेट्रा नावाचे सुईएवढे मासे आले, ज्यांच्या अंगावर एक निळी आणि एक लाल रेघ असते.

आता खरी अडचण सुरू झाली. साडी उन्हात नेता येते, टाकी नेता येत नाही. मामांनी तीही नेली म्हणा. बैठकीतून उचलून अंगणात ठेवली. दोन दिवस मासे लखलखले, आठवड्यात पाणी हिरवंगार झालं आणि आमच्याकडच्या एप्रिलमध्ये ते इतकं तापलं की मामींनी विचारलं, "मासे पाळून राहिले का शिजवून?" टाकी परत आत आली आणि मामांनी उन्हासारखा उजेड घरात आणायचं मनावर घेतलं. पिवळ्या बल्बखाली लाल मासे शेंदरी दिसत आणि निळे राखेचे. पांढऱ्या ट्यूबखाली निळे सुधारत, पण लाल आजारी दिसत. नांदेडच्या मासेवाल्यानं एक गुलाबी उजेडाची ट्यूब दिली. तिच्याखाली लाल पेटून उठला आणि पाण्यातली झाडं जांभळी झाली. मामांनी ती दुसऱ्या दिवशी परत नेली. मंडपवाल्याकडून रंगीत जिलेटिनचा कागद आणून बल्बला गुंडाळला, तो जळाला आणि तीन दिवस घराला वास येत होता. ट्यूब आणायची त्यांची एक रीत होती. ती जुन्या साडीत गुंडाळून एसटीत उभी धरून आणायची आणि स्वतः बसायचं नाही. एका कंडक्टरनं विचारलं, "काका, आत काय हाय?" मामा म्हणाले, "ऊन."

ते नुसते हौशी नव्हते, हे मी विज्ञानाचा मास्तर म्हणून सांगतो. नवा दिवा लावला की लगेच मत द्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. उजेड बदलला की मासे भेदरतात आणि अंगाचा रंग चोरतात, हे त्यांनी बघून बघून ओळखलं होतं. "नवी सून पहिल्या दिशी कुठं हसती?" असं म्हणून ते अर्धा तास पाट टाकून बसत. दिवा टाकीच्या मागच्या कडेला ठेवला तर मासा काळपट दिसतो, पुढच्या कडेला आणला तर त्याच्या कुशीवर उजेड पडून रंग उठतो, हेही त्यांनी एका लग्नातल्या फोटोग्राफरला नवरीमागचा दिवा पुढे घ्यायला लावताना शोधून काढलं. फोटोग्राफर चिडला होता, पण फोटो चांगले आले.

तरीही मामांचं समाधान होत नव्हतं. ते झालं एका तांड्यावरच्या बाईमुळे. शेवंताबाई दुकानाची जुनी गिऱ्हाईक. तिच्या हातचं आरसेकाम आणि भरतकाम बघायला मामा स्वतः गादीवरून उठत. तालुक्यात ते रंगाच्या बाबतीत कुणाचं ऐकत असतील तर तिचंच. एकदा ते तिला टाकी दाखवायला घरी घेऊन आले. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "दिव्याचं काय घेऊन बसलात मामा? मागं पांढरी भिंत हाय. पांढऱ्यावर धागा कधी उठतो का? मागं काळं लावा." मामांनी त्याच दिवशी दुकानातून काळ्या कापडाचा तुकडा आणून टाकीमागे ताणून लावला, खाली काळी बारीक खडी घातली आणि वर एकच साधी पांढरी ट्यूब ठेवली. मी पाहायला गेलो तेव्हा मामा आणि मामी दोघंही टाकीसमोर बसले होते. त्या काळ्यावर निळ्या रेघांचा थवा वळत होता. मी आयुष्यात इतका नेमका निळा पाहिला नव्हता. पुढे कितीतरी वर्षं लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं दुकानातून मामांच्या घरी जाऊन मासे बघून मगच गावी परतत, आणि भारनियमनात दिवे गेलेले असले तर दिवे येईपर्यंत थांबत. आमचे पाहुणे आले की मीही त्यांना तिकडे न्यायचो आणि टाकी जणू मीच केली असल्यासारखा बाजूला उभा राहायचो.

दोन हजार सालानंतर केव्हातरी ते काळं कापड ओलीनं कुजलं. मामांनी दुकानातल्या ताग्यातून नवा तुकडा कापून आणला आणि लावला. मी गेलो, बघितलं, आणि गप्प बसलो. कापड निळं होतं. गर्द निळं, शाळेच्या गणवेशाच्या चड्डीचं असतं तसं. घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मला पण निळंच दिसलं. पण मामा काळं म्हणून राहिले." आता ज्या माणसाच्या शब्दावर तीस गावं साड्या नेसतात, त्याच्या घरी जाऊन त्याला रंग कोण सांगणार? आम्ही दोघांनी सोयीस्कर असं ठरवलं की काळ्याचाच तो एखादा प्रकार असेल, जो आपल्याला कळत नाही. पुढे समजलं की मासे बघून जाणाऱ्या प्रत्येक माणसानं घरी गेल्यावर हेच ठरवलं होतं. खुद्द शेठजी दोनदा येऊन "वा, काळं कसं खुलतंय" म्हणून चहा पिऊन गेले होते.

मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि त्यात निळा आधी काळवंडतो. हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. पण मामांचं सगळं वजन त्या दोन डोळ्यांवर होतं. ते गेले तर गादीवर बसलेला एक म्हातारा उरणार होता, ज्याला शेठजींनी दयेनं ठेवून घ्यावं. त्यामुळे कुणी बोलत नव्हतं आणि मामा आपला सगळा राग दिव्यांवर काढत होते. निळी रेघ दिसेना म्हणून त्यांनी दुसरी ट्यूब चढवली. मग परत केलेली ती गुलाबी ट्यूब पुन्हा विकत आणली आणि तिच्या शेजारी एक निळी लावली. बैठकीत पाऊल टाकलं की ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आधीचं स्टेज असावं तसं वाटे. मासे बिचारे खडीला चिकटून राहत. मामा नांदेडच्या मासेवाल्याला पत्रं लिहीत की तुमच्या माशांची निळी रेघ धुतल्यावर जाते.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला नवी ट्यूब बघायला बोलावलं होतं. बायको होती, मामी होत्या. तेवढ्यात शेवंताबाई नातीच्या लग्नाचं सांगायला आली आणि टाकीसमोर थांबली. "मामा, माशाला कशाला तकलीफ देऊन राहिले?" ती म्हणाली. "मागचं कापड निळं हाय."

"काळं हाय," मामा म्हणाले.

"निळं हाय."

मामा उठले. चारही ट्यूब बंद केल्या, कापडाचे खिळे एकेक करून काढले आणि कापड घेऊन रस्त्यावर उन्हात गेले. आम्ही दारात उभे राहिलो. त्यांनी ते दोन्ही हातांनी पसरलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. मला मनातून वाटत होतं की उन्हात तरी त्यांना ते दिसावं. मग ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, तुमी शिकलेले हाय. तुमी सांगा."

मी मास्तर आहे. पोरांना नापास केल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्या दिवशी मात्र वाटलं. "निळं आहे मामा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं. तिनं मान हलवली. मामांनी त्या कापडाच्या साडीसारख्या नीट चार घड्या घातल्या, ते मामींच्या हातात दिलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. तीन दिवस ते दुकानात गेले नाहीत. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. चौथ्या दिवशी मी ऑपरेशनचं काढलं तेव्हा म्हणाले, "अन् डोळ्याला हात लावल्यावर हाय तेवढा रंग बी गेला तर? मग म्या काय हळद तोलत बसू?" धीर मामींनी दिला. त्या म्हणाल्या, "तोला. मी पुड्या बांधीन." त्यावर मामा नांदेडला यायला तयार झाले.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि मामा घरी येऊन टाकीसमोर पाटावर बसले. मामींनी मागे काळं कापड लावून घेतलं होतं, शेवंताबाईकडून तपासून. चार ट्यूब मात्र तशाच होत्या. मामांनी दिवे लावले आणि दचकून मागे सरकले. "हे कुणी केलं? माशांचं लगीन हाय का?" आम्ही कुणी नाव घेतलं नाही. त्यांनी स्वतःच तीन ट्यूब उतरवल्या, एक पांढरी ठेवली, ती पुढच्या कडेला ओढली आणि अर्धा तास बसले. मासे हळूहळू खडीवरून वर आले. ते वळले तेव्हा मामा हलक्या आवाजात म्हणाले, "असा असतो व्हय निळा. मी इसरलो व्हतो." मग ते एकदा हा डोळा झाकून आणि एकदा तो डोळा झाकून बराच वेळ बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले असतील हे?" मी म्हणालो, दोन वर्षं तरी. त्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांना मासे नाही, साड्या आठवल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मामांनी जे केलं ते मी शाळेत पोरांना अजून सांगतो. ते दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणाले, "बाई, दोन वर्षं माझ्या डोळ्यांत खोट व्हती. म्या चुकीचा रंग सांगून साडी दिली असल तर घेऊन या, बदलून देतो." शेठजी आतून हळूच खोकले, मामांनी वळूनही पाहिलं नाही. भर बाजारात, ज्या गुणावर आयुष्य काढलं तोच आपल्याजवळ नव्हता, असं स्वतःच्या तोंडानं सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी गर्दीत उगाच दोघातिघांना सांगितलं, हे माझे मामेसासरे.

चार बाजार झाले. एकही साडी परत आली नाही. पाचव्या बाजाराला शेवंताबाई आली तेव्हा मामांनी तिला विचारलं की बाया येईनात काहून? ती म्हणाली, "काहून येतील? साऱ्यांनी उन्हात बघितलंच व्हतं की. तुमी सांगितला त्यो रंग नव्हता."

"मग?"

"पण चांगला व्हता." ती म्हणाली, "वाईट रंग तुमी कुणाच्या अंगाला लावला न्हाई मामा. डोळा नव्हता तरी न्हाई." मामांनी आत जाऊन तिच्यासमोर लाल कापडाचे नवे तागे एकामागून एक उलगडले.

त्यानंतर थोड्या दिवसांची गोष्ट. आम्ही मामांकडे गेलो होतो, दुपारची वेळ होती आणि मामी चहा घेऊन आल्या. मामांनी कप घेतला आणि त्यांची नजर मामींच्या पदरावर थांबली. "ही साडी कवाची?" त्यांनी विचारलं.

"तुमीच आणली व्हती. लई वर्षं झाली."

"कोणता रंग म्हणून?"

"चिंतामणी म्हणून."

मामांनी पदराचं टोक हातात घेतलं. त्यात रंग उरला नव्हता. धुवून धुवून ती धूळ बसलेल्या काचेसारखी झाली होती, आणि काठाजवळ मामींनी बारीक टाके घातलेले होते. साऱ्या तालुक्याला साड्या निवडून देणाऱ्या माणसाच्या घरात हे रोज समोर होतं. माझी बायको खाली बघू लागली. "मग बदलली काहून न्हाई?" मामांनी विचारलं.

मामी सहज म्हणाल्या, "तुमी रोज म्हणत व्हते, हा निळा तुला शोभतो. म्हणलं, तुमाला दिसून राहिला तर ऱ्हाऊ द्या."

मामांनी चहा घेतला नाही. ते उठले, टोपी घातली आणि मामींना म्हणाले, चल. मामी तीस वर्षांत त्या दुकानात गेल्या नव्हत्या; त्यांना लागेल ते मामाच घेऊन येत. आम्हीही निघालो. मामींना गादीसमोर बसवून मामांनी कपाट उघडलं आणि साड्या काढायला सुरुवात केली. मामी दरवेळी त्यांच्याकडे बघत, आणि मामा दरवेळी म्हणत, "माझ्याकडं नको बघू. तुला कोणती पाहिजे ती घे." तासभर त्यांना काही सुधरेना. शेवटी त्यांनी एक पोपटी साडी बाजूला काढली, जी मामांनी तालुक्यातल्या कुठल्याही बाईला घेऊ दिली नसती. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. त्यांनी ती घडी मोडून मामींच्या हातात दिली आणि म्हणाले, आतल्या खोलीत जाऊन नेसूनच ये.

परत येताना मामी पुढे चालल्या होत्या आणि मामा दोन-चार पावलं मागे रेंगाळत होते. आम्हाला वाटलं त्यांना डोळ्याचा त्रास होतोय. माझी बायको थांबून म्हणाली, "मामा, चला की. ऊन लागून राहिलं."

"व्हा तुमी पुढं," मामा म्हणाले. "मी बघून राहिलो."